घटकांची नावे

दोन वस्तू एकत्र येऊन तिसरी निर्माण होते, तेव्हा पहिल्या दोहोंचे काय होते? हा प्रश्न तर्कशास्त्राचा मानावा की नीतिशास्त्राचा, याविषयी मतभेद होऊ शकतील. आम्ही आयुष्याची पस्तीस वर्षे राज्य शासनाच्या सेवेत घालवली आणि त्यांतील बराच काळ या ना त्या प्रकारच्या एकत्रीकरणाच्या नस्त्या हाताळण्यात गेला. तथापि हा प्रश्न आमच्यापुढे स्वच्छ शब्दांत मांडला तो आमच्या अकरा वर्षांच्या नातवाने, आणि तोही पत्ते खेळताना.

मे महिन्याच्या सुटीत तो पुण्याहून भोपाळला आला होता. दुपारच्या उन्हात बाहेर पडण्याची सोय नव्हती. त्याने सोबत आणलेला पत्त्यांचा कॅट आमच्या परिचयाचा नव्हता. आमची धाव बदामसत्ती, झब्बू आणि रमी यांपलीकडे गेलेली नाही. या पत्त्यांवर राजा-राणी नव्हते, किलवर-इस्पिक नव्हते. प्रत्येकावर एक अक्राळविक्राळ प्राणी, त्याचे नाव, खाली त्याचा स्वभाव सांगणारा मजकूर आणि त्याच्या आक्रमणाचा व बचावाचा आकडा. खेळाचे नाव यू-गी-ओ. काझुकी ताकाहाशी या जपानी चित्रकथाकाराने १९९६ मध्ये सुरू केलेल्या चित्रमालिकेतून तो निघाला आणि १९९९ मध्ये कोनामी या कंपनीने तो आजच्या स्वरूपात बाजारात आणला. ताकाहाशी २०२२ मध्ये निवर्तले. खेळ जगभर चालू आहे.

नातवाने आम्हांस नियम शिकवण्यास आरंभ केला. पुष्कळसे आमच्या डोक्यावरून गेले. परंतु दोन-तीन राक्षस एकत्र करून नवा राक्षस घडवण्याचे नियम तो सांगू लागला, तेव्हा आम्ही चष्मा पुसून नीट बसलो. कारण हा विषय आमच्या खात्यातला होता.

नियम असे. संयोगाने घडणारे राक्षस जांभळ्या चौकटीच्या पत्त्यांवर असतात आणि ते मुख्य कॅटात मिसळलेले नसतात. त्यांचा जास्तीत जास्त पंधरा पत्त्यांचा वेगळा गठ्ठा बाजूला ठेवलेला असतो. संयोग घडवायचा तर सामान्यतः ‘पॉलिमरायझेशन’ नावाचा मंत्राचा पत्ता हाती असावा लागतो. जांभळ्या पत्त्यावर मजकुराच्या पहिल्याच ओळीत त्याच्या घटकांची नावे छापलेली असतात. नेमके तेच घटक तुमच्या हातात किंवा पटावर पाहिजेत. ते असले, की मंत्र टाकायचा, घटक पत्ते ‘स्मशान’ म्हणून राखलेल्या जागी नेऊन ठेवायचे आणि नवा राक्षस पटावर आणायचा. मंत्राचा पत्ताही खर्ची पडून स्मशानातच जातो.

नातवाच्या लाडक्या राक्षसाचे उदाहरण घ्या. निळ्या डोळ्यांचा एक पांढरा ड्रॅगन आहे. त्याचे आक्रमण ३००० चे. असे तीन ड्रॅगन एकत्र केले म्हणजे तीन तोंडांचा महाड्रॅगन होतो. त्याचे आक्रमण ४५०० चे. आम्ही जन्मभर अंदाजपत्रके तपासलेली. आम्ही लगेच म्हणालो, “अरे, तीन वेगळे असताना बेरीज ९००० होत होती. एक केल्यावर निम्मीच उरली. बाकीची कुठे गेली?”

तो म्हणाला, “आजोबा, वेगळे असले तर ३५०० वाला त्यांना एकेक करून मारतो. एक झाले की नाही मारता येत. आणि बाकीची कुठे जात नाही. ती किंमत असते.”

ती किंमत असते! एकत्रीकरणाच्या किती प्रस्तावांवर आम्ही स्वाक्षरी केली असेल. परंतु ‘किंमत’ नावाचा रकाना त्यांपैकी एकातही पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. काटकसर, कार्यक्षमता, समन्वय, बळकटीकरण असे लाभाचे रकाने असत. एकत्र येण्याने जे उणे होते ते कोठे लिहावे, याची सोयच नोटशीटमध्ये नसे. मुलांच्या खेळात मात्र ते आकड्यांत, पत्त्याच्या तोंडावर छापलेले आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे नाही. नैयायिक आणि वैशेषिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा असा खरा पदार्थ आहे आणि तो अवयवांमध्ये समवायसंबंधाने राहतो. तंतूंपासून पट होतो. पट म्हणजे नुसते तंतू नव्हेत, पण तंतू आहेत तोवरच पट आहे. तंतू जळाले की पटही गेला. बौद्धांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांपलीकडे अवयवी म्हणून काही नसतेच. चाके, आस, जू यांच्या समुदायाला आपण व्यवहारापुरते ‘रथ’ म्हणतो, असे नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला समजावल्याचा प्रसंग ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. दोन्ही पक्ष शतकानुशतके भांडले. पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत होते, ती ही की अवयव नष्ट करून अवयवी टिकत नाही. नातवाच्या खेळाने हीच गोष्ट उलटी केली आहे. तेथे तंतू स्मशानात पडलेले असतात आणि पट मात्र रणांगणावर उभा असतो.

मग आम्ही आमच्या आसपासचे संयुक्त प्राणी आठवून पाहिले. भोपाळपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. मूळचे नीमचचे आणि उज्जैन ही कर्मभूमी असलेले मराठी पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या नजरेस १९५७ मध्ये तेथील चित्रित शैलाश्रय आले; २००३ मध्ये त्या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील एका खडकावर एक प्रचंड वराह रंगवलेला आहे. त्याच्या डोक्यावर शिंगे आहेत आणि पुढे एक लहानसा माणूस जीव घेऊन पळतो आहे. शिंगांचा रानडुक्कर कोणत्याही अरण्यात नसतो; तो चित्रकाराने जोडून घडवला. विदिशेजवळ उदयगिरीच्या पाचव्या गुंफेत गुप्तकाळातील नृवराह आहे, मनुष्याचा देह आणि वराहाचे मुख असलेला, पृथ्वीला दाढेवर उचलून धरणारा. सांचीच्या तोरणांवर पंख असलेले सिंह आहेत. या सर्वांत एक गोष्ट समान आढळते. घटक लपवलेले नाहीत. वराह कोठे संपतो आणि मनुष्य कोठे सुरू होतो, हे मूल देखील बोट ठेवून सांगू शकेल. जुन्या कारागिरांचा अवयवी आपल्या अवयवांना घेऊन उभा असतो.

आमचे राज्य हाही असाच एक जोडून घडवलेला प्राणी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत, विंध्यप्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्यप्रदेशातील हिंदी भाषक जिल्हे एकत्र आले. राजस्थानातून सिरोंज आले, सुनेल टप्पा तिकडे गेला. घटकांपैकी मध्यभारत हा स्वतःच १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर व इतर संस्थाने जोडून झालेला होता; म्हणजे संयोगाचाही संयोग. जुन्या मध्यप्रदेशाचे विदर्भातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचे राजधानीपद संपले. आमचे वडील नागपूरच्या सचिवालयात लिपिक होते. नस्त्यांच्या पेट्यांबरोबर तेही भोपाळला आले. टी. टी. नगरच्या सरकारी घरात आमचा जन्म झाला. तेव्हा आम्ही स्वतःही त्या संयोगाचेच अपत्य आहोत आणि एकत्रीकरणास सरसकट दूषणे देण्याचा अधिकार आम्हांस नाही.

त्या वेळी किंमत अगदीच अमान्य केली गेली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. राजधानी भोपाळला आली. पण उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि त्याची खंडपीठे ग्वाल्हेर व इंदूरला बसली. महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. महसुलाच्या अपिलासाठी रात्रीच्या गाडीने ग्वाल्हेर गाठताना या व्यवस्थेचा आम्ही अनेकदा मनातल्या मनात उद्धार केला आहे. आता वाटते, ती गैरसोय म्हणजे पहिल्या ओळीत छापलेली घटकांची नावेच होती. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. ६१ जिल्ह्यांपैकी १६ तिकडे गेले, ४५ इकडे उरले. चव्वेचाळीस वर्षांनंतरही एक घटक हाक मारताच उठून उभा राहू शकला. सर्वच घटकांचे भाग्य असे नसते.

खेळाकडे परत येतो. त्यात संयोग उलगडण्याचाही एक मंत्र आहे. तो टाकला म्हणजे संयुक्त राक्षस आपल्या गठ्ठ्यात परततो आणि ज्या घटकांपासून तो घडला ते स्मशानातून उठून पटावर येऊ शकतात. एके दुपारी नातवाने महाड्रॅगन आणला. आमच्या हाती आलेल्या एका पत्त्याने समोरच्याच्या स्मशानातील पत्ता खेळाबाहेर काढता येत असे. त्याचा परिणाम न कळताच आम्ही तो वापरला आणि खाली पडलेल्या तीन ड्रॅगनांपैकी एक बाहेर काढला. पुढच्या डावात नातवाच्या हाती नेमका उलगडण्याचा मंत्र आला. त्याने तो पाहिला आणि खाली ठेवून दिला.

“का रे? एक गेला तर गेला. दोन तर परत घे.”

“नाही आजोबा. सगळे असतील तरच. एक जरी नसला तरी कोणीच येत नाही.”

त्या क्षणी आम्हांस जे आठवले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

मध्यप्रदेशात १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना सुरू झाली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जेथे चाळीस मुले आहेत, आदिवासी भागात पंचवीस, तेथील लोकांनी मागणी केल्यास नव्वद दिवसांत शाळा द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. अशी एक शाळा एका आदिवासी जिल्ह्यातील टोल्यावर उघडली होती. लोकांनी स्वतः मागून घेतलेली. बऱ्याच वर्षांनी आम्ही त्या जिल्ह्यात नियुक्तीवर असताना लहान शाळा जवळच्या मोठ्या शाळांत विलीन करण्याचे प्रस्ताव आले. त्या टोल्यावर तेव्हा बावीस मुले होती. मोठी शाळा नकाशावर एक किलोमीटरच्या आत होती. तेथे प्रत्येक वर्गास खोली होती, शिक्षक अधिक होते. प्रस्ताव वाईट नव्हता. ग्रामसभेचा ठरावही जोडलेला होता. आम्ही ‘मान्यतेस सादर’ असा शेरा लिहून स्वाक्षरी केली.

नकाशात नाला एका निळ्या रेघेचा होता. आम्ही ती वस्ती फेब्रुवारीत पाहिली होती. जुलैत पाहिली नव्हती. जुलैत त्या नाल्याला पाणी येई आणि वळसा घालून जाणारा रस्ता चार किलोमीटरांचा होई. मुले गेली. मुली हळूहळू जाईनाशा झाल्या. दोन वर्षांनी टोल्यावरून अर्ज आला, आमची शाळा आम्हांस परत द्यावी. नस्ती फिरून आमच्याच मेजावर आली. तोवर दोन-तीन कुटुंबे कामासाठी गुजरातेत गेली होती, काही मुलींची लग्ने ठरली होती. उरलेल्या मुलांची संख्या चौदा भरली. निकषास ती पुरेशी नव्हती. ‘पुरेशी पटसंख्या नसल्याने विचार करता येत नाही’ हा शेराही आमच्याच हातचा आहे. सगळे असतील तरच.

नियमाप्रमाणे दोन्ही शेरे बिनचूक होते. त्यांवर कोणत्याही लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला नाही, घेणारही नाही. मग चूक कोठे झाली? आम्ही बराच विचार केला आणि पुन्हा नातवाच्याच पत्त्यांचा आधार घ्यावा लागला.

त्या खेळात काही राक्षस ‘बदली’ म्हणून चालतात. एखादा घटक हाती नसेल तर त्याच्या नावाने दुसरा उभा करता येतो. पण त्याच ओळीत पुढे अट आहे, की बदली एकाच घटकापुरती. बाकीचे अस्सलच पाहिजेत. आमच्या नस्तीतील ग्रामसभेचा ठराव आम्ही नंतर काढून पाहिला. त्यावरील स्वाक्षऱ्या बहुतांशी मोठ्या गावच्या होत्या. टोल्याची संमती मोठ्या गावाने दिली होती. ज्याचा लाभ त्याचीच संमती, आणि ज्याने किंमत मोजायची त्याच्या जागीही तोच बदली. मुलांच्या खेळातही असा संयोग ग्राह्य धरला गेला नसता.

कोणी म्हणेल, मग काय सगळे सुटे सुटेच ठेवायचे? तसे आमचे म्हणणे नाही. त्या खेळात एक लहानगा ड्रॅगन आहे, आक्रमण १२००. आणि एक काळाचा जादूगार आहे, आक्रमण ५००. दोहोंच्या संयोगाने हजार वर्षांचा ड्रॅगन होतो, त्याचे आक्रमण २४००. येथे बेरजेपेक्षा अधिक हाती येते, कारण एका घटकाने दुसऱ्यास वाढण्यास अवधी दिला. नालापार जाणाऱ्या मुलांपैकी काही पुढे शिकली, ती जुन्या टोल्यावरील एकशिक्षकी शाळेत शिकली असती असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. शिवाय त्याच खेळात ‘युनियन’ नावाचे राक्षस आहेत. ते दुसऱ्यास जोडले जातात, पण विरघळत नाहीत. पुढे मोकळेही होऊ शकतात, आणि ज्यास जोडले त्याच्यावर घाव आला तर त्याच्याऐवजी स्वतः पडतात. वैशेषिकांच्या भाषेत हा समवाय नव्हे, संयोग. विभाग होऊ शकेल असा. राज्यकर्त्यांनी, कार्यालयांनी, आणि घरात सुना आणणाऱ्या आम्हां सर्वांनी हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जे केवळ संयोगाने जवळ आले त्यास आपण फार लवकर समवाय समजू लागतो, आणि मग त्याने मोकळे होण्याची गोष्ट काढली की आपणास तो द्रोह वाटतो.

तेव्हा आमच्या अल्पमतीप्रमाणे, एकत्र करणाऱ्यावर तीन ऋणे चढतात. जे उणे होणार ते आधी उघड सांगावे. नव्या रूपाच्या तोंडावर जुन्या घटकांची नावे राहू द्यावीत. आणि परतीची वाट, निदान काही काळ, बुजू देऊ नये. त्या वाटेवरील अट इतकी कडक नसावी की एक हरवला म्हणून उरलेल्यांना हाकच मारता येऊ नये. ही तिन्ही ऋणे पत्त्यांचा खेळ कमीअधिक प्रमाणात फेडतो, शेवटच्या बाबतीत तो कठोर आहे एवढेच. चौथे ऋण मात्र त्याला ठाऊक नाही, कारण पत्त्यांना कोणी विचारत नाही. माणसांना विचारावे लागते. आणि जो किंमत मोजणार त्याला, त्याच्या दारी जाऊन, शक्य तर पावसाळ्यात.

हे सारे आम्ही नातवास त्याला कळेल अशा भाषेत सांगितले. त्याने लक्षपूर्वक ऐकले. मग विचारले, “त्या शाळेचं नाव काय होतं, आजोबा?”

आम्हांस बावीस आठवत होते, चौदा आठवत होते, नाल्याची निळी रेघ आठवत होती. दोन्ही शेऱ्यांचे शब्द तर पाठच होते. टोल्याचे नाव काही केल्या ओठांवर येईना. नातू थोडा वेळ थांबला आणि पत्ते पिसू लागला. नाव आठवले तेव्हा दिवेलागण झाली होती. आम्ही ते त्याला सांगितले, आणि तो विसरेल या भीतीने आमच्या रोजनिशीतही लिहून ठेवले.